मोठ्या माणसांचा वर्ग घेताय? मग ते टिकावेत म्हणून काय काय करायचं ते सांगते

नाशिकमधल्या सातपूरला कामगार वस्तीतल्या एका समाजमंदिरात मी गेली नऊ वर्षं संध्याकाळचा वर्ग घेते, साडेसात ते नऊ. येणारे म्हणजे कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर असलेले दादा लोक, धुणंभांडी करणाऱ्या मावश्या, एक-दोन वॉचमन काका, भाजीची गाडी लावणारे, आणि सुनेने जबरदस्तीने पाठवलेल्या आज्या. लिहायला वाचायला शिकवतो, हिशोब शिकवतो, थोडा मोबाइल पण. २०२२ पासून उल्लास, म्हणजे केंद्र सरकारचा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम, सुरू झाल्यावर बरेच नवीन स्वयंसेवक या कामात आलेत, कॉलेजची मुलं आहेत, झेडपीचे शिक्षक आहेत, रिटायर झालेले लोक आहेत, आणि त्यातले बरेच जण मला फोन करून एकच गोष्ट विचारतात की मॅडम पहिल्या दिवशी पंचवीस जण आले आणि महिन्याने सात उरले, यांना इंटरेस्टच नाही का?

इंटरेस्ट आहे हो. दिवसभर आठ तास मशीनवर उभं राहून, घरी जाऊन भाकऱ्या थापून जी बाई साडेसातला दप्तर घेऊन येते तिला इंटरेस्ट नाही असं कसं म्हणायचं. माझ्या अनुभवात माणूस वर्ग सोडतो तो जास्त करून दोन कारणांनी. एक तर त्याला कुणासमोर तरी लाज वाटली, नाहीतर दोन-तीन आठवडे येऊन पण बाहेर कुठे काही उपयोगाला आलं नाही. हे दोन सांभाळलं की निम्म्याच्या वर लोक टिकतात.

पहिल्या दिवशी अ आ इ काढू नका

पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहू नका. चहा ठेवा, गप्पा मारा, आणि प्रत्येकाजवळ जाऊन बसून हळूच विचारा की तुमचं अडतं कुठे. सगळ्यांसमोर उभं करून विचारायचं नाही, तसं विचारलं की सगळे "शिकायचंय मॅडम" एवढंच बोलतात. शेजारी बसून विचारलं की खरं येतं. माझ्या वहीत आत्तापर्यंत आलेली उत्तरं सांगते. बँकेत स्लिप भरायला दरवेळी दुसऱ्याच्या पाया पडावं लागतं. सिटीलिंकची बस आली की पाटी वाचता येत नाही म्हणून कंडक्टरला ओरडून विचारते, सगळे बघतात. पगाराच्या कागदावर ओव्हरटाइम किती धरलाय कळत नाही. शुगरच्या गोळ्या सकाळच्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या. नातू होमवर्क घेऊन येतो तेव्हा मी उठून किचनमध्ये जाते. आणि एका दादांनी सांगितलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर मी बोलून पाठवतो पण बायको गावाकडून लिहून पाठवते ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं आणि त्यात नवराबायकोचं असतं.

हे सगळं नावासमोर लिहून ठेवा. ती वही म्हणजे तुमचा सिलॅबस. पाठ्यपुस्तक वापराच, उल्लासची पुस्तिका आहे ती चांगली आहे, पण कुठून सुरू करायचं ते या वहीवरून ठरवा. बसची पाटी वाचायचीय त्या मावशींना पहिल्याच आठवड्यात "सातपूर", "सिडको", "पंचवटी", "नाशिकरोड" हे चार शब्द नुसते आकाराने ओळखता आले पाहिजेत, सगळी अक्षरं नंतर सुटी करू. एकदा का त्यांनी स्टॉपवर कुणाला न विचारता बस पकडली की मग पाऊस असू दे नाहीतर पाहुणे, त्या येतातच.

माल्कम नोल्स म्हणून एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले, प्रौढ माणूस कसा शिकतो यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं साधारण हेच, की मोठ्या माणसाला हे मी का शिकायचं हे आधी कळावं लागतं, आणि तो विषय शिकायला येत नाही, अडचण सोडवायला येतो. मला हे कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

लाज

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या हातून एक माणूस गेला.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एक काका होते, पन्नाशीच्या पुढचे, एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन. सगळ्यात आधी येऊन बसायचे. मला वाटलं हुशार आहेत, बाकीच्यांना पण हुरूप येईल, म्हणून मी त्यांना फळ्यावर बोलावलं आणि म्हटलं लिहा "कमळ". खडू हातात घेतला आणि हात इतका थरथरायला लागला की क चा दांडासुद्धा सरळ येईना, आणि पुढच्याच रांगेत त्यांच्या गल्लीतली एक सून बसलेली. कसंबसं लिहिलं, हसले, जागेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. चार महिन्यांनी भाजी बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, ड्युटी बदलली ना." ड्युटी बदललेली नव्हती, मला माहीत होतं. मी पण काही बोलले नाही, अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात कुणाला फळ्यावर बोलवत नाही. ज्याला यायचंय तो आपणहून येतो, आणि दोन-तीन महिन्यांनी येतातच. सगळे एकाच वेळी आपापल्या पाटीवर लिहितात आणि मी फिरत राहते. पाटी मला आवडते कारण चूक पुसली की गेली, कुठे राहत नाही, वहीत मात्र चूक रोज समोर दिसत राहते. पण काही जणांना पाटी म्हणजे लहान पोरांचं वाटतं, विशेषतः तरुण दादा लोकांना, त्यांना पहिल्या दिवसापासून वही आणि पेनच द्या. विचारा आणि द्या.

लाल पेन घरी ठेवा. चुकलेल्या शब्दाखाली तोच शब्द बरोबर लिहा आणि म्हणा की दोन्हीत काय वेगळं दिसतंय बघा. ते स्वतः शोधतात. कौतुक करताना पण "शाब्बास शाब्बास, टाळ्या" असलं बालवाडीचं नको, वहीवर स्टार नको. साठ वर्षांच्या माणसाला स्टार दिला की तो हसतो पण आतून त्याला बरं वाटत नाही. नेमकं सांगा, "मावशी, परवा तुमच्या र ची वेलांटी उलट्या बाजूला जात होती, आज चारही जागी नीट आलीय." यावर मावशी जे बघतात ना तुमच्याकडे, ते वेगळंच असतं.

आणि बोलताना अहो-जाहो. तुम्ही बावीस वर्षांचे असाल आणि समोर आई एवढी बाई असेल तर ती तुम्हाला मॅडम, सर म्हणणार, तुम्ही तिला मावशी, काकू, आजी म्हणा, नुसतं नाव घेऊन हाक मारू नका. आमच्याकडे निम्मे लोक धुळे, जळगाव, मालेगाव, सटाणा बाजूचे, अहिराणी बोलणारे. "मना भाऊ", "शे" असं बोलले की बाकीचे हसायचे. हसणं मी पहिल्या दिवशीच बंद केलं आणि मग अहिराणीतलेच शब्द फळ्यावर लिहून वाचायला लावले. बोली तीच ठेवून लिहिणं शिकता येतं. माणसाची बोलीच चुकीची ठरवली तर तो तोंड उघडणार कसा?

माय-लेकी एकत्र येतात तेव्हा पण एक सांभाळा. लेक तिसरीत असते, तिला पटापट येतं आणि ती आईला सगळ्यांसमोर "अगं असं नाही गं" करते. लेकीला दुसरीकडे चित्रं काढायला बसवा. घरी जाऊन दोघी काय करायचं ते करतील.

डोळे आधी बघा

हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग कडक व्हायला लागतं आणि जवळचं धूसर दिसतं, यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. शिकलेल्या माणसाला ते लगेच कळतं कारण तो रोज पेपर वाचतो. जो कधी वाचतच नव्हता त्याला कळणार कसं? त्याला वाटतं अक्षरं अशीच पुसट असतात आणि आपलं डोकंच चालत नाही.

एक मावशी दोन महिने घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये गोंधळ करत होत्या. मी दरवेळी नव्याने समजावत होते, त्या दरवेळी मान हलवत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या मॅडम माझ्या नशिबात नाही विद्या. एक दिवस बघितलं तर वही हात लांब करून धरलेली. शेजारच्या आजींचा चष्मा दिला तर एका मिनिटात म्हणाल्या, अगो बाई, या घ ला तर वर गाठ नाहीये!

म्हणून आता पहिल्याच आठवड्यात पेपर हातभर अंतरावर धरायला देते आणि विचारते की बारीक अक्षर स्पष्ट दिसतंय का, वाचता येत नसलं तरी कडा दिसतात की नाही ते सांगता येतं. वर्गात एक, दीड आणि दोन नंबरचे तीन रेडीमेड चष्मे ठेवलेत. पण एवढ्यावर थांबू नका, डोळे तपासून यायला सांगाच, मोतीबिंदू असतो, शुगरमुळे पण डोळ्याला त्रास असतो. झेरॉक्स द्याल ती मोठ्या अक्षराची द्या. ट्यूबलाइट दोन लावा. आणि वर्ग प्राथमिक शाळेत असेल तर त्या छोट्या बाकांवर गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड तास बसवू नका, चार खुर्च्या कुठून तरी मागून आणा.

शब्द कुठून घ्यायचे

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी १९६३ ला अंगिकोस नावाच्या गावात साधारण ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गात लिहायला वाचायला शिकवलं होतं, आणि त्यांची पद्धत अशी की आधी लोकांमध्ये बसायचं, ते रोज जे शब्द बोलतात, ज्या शब्दांवर भांडतात, रडतात ते गोळा करायचे, त्यातले थोडे निवडायचे आणि त्यांचे तुकडे करून नवे शब्द बनवायचे. आपल्याकडे ग म भ न आहेच, आकाराने सारखी अक्षरं एकत्र शिकवायची पद्धत, ती पण छान आहे. मी दोन्ही एकत्र करते.

आमच्या वर्गाचा पहिला शब्द असतो पगार. लिहिण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं पगारावर बोलतो. किती मिळतो, कधी मिळतो, पावती मिळते का, खाडा झाला तर किती कापतात. वर्ग एकदम जागा होतो, झोपाळलेले पण बोलतात. मग पगार लिहायचा, तोडायचा, प ग र. मग काना मात्रा लावून काय काय होतं ते त्यांनीच शोधायचं. राग. पार. गार. गारा. पूर. पुरी. रोप. रोग. पोरगी, पोरगा. तीन अक्षरांत एवढं सगळं निघतं! एका बॅचला दिंडोरी बाजूचे एक दादा होते, घरची थोडी द्राक्षबाग, त्यांनी गारा लिहिलं आणि म्हणाले मॅडम गारपीट लिहायचंय. म्हटलं ट अजून झाला नाही. म्हणाले मग आज करा ट. केला. त्या दिवशी सगळ्या वर्गाने ट शिकला आणि तो कुणीच विसरलं नाही, कारण त्या वर्षी गारपिटीत त्यांचं काय गेलं होतं ते सगळ्यांनी तासभर ऐकलं होतं.

असा शब्द तुमच्या वर्गात कुठला आहे ते शोधा. नाशिकरोडला वेगळा असेल, लासलगावला कांदा असेल, देवळालीला अजून काही.

हिशोब

इथे मोठी माणसं आपल्यापेक्षा पुढे असतात, ते मान्य करून सुरुवात करा. भाजीवाल्या दादांना साडेतीन किलो चाळीसने किती विचारा, मोबाइल काढायच्या आत १४० सांगतील. पाव, सव्वा, दीड, अडीच सगळं डोक्यात. तर त्यांना विचारा की डोक्यात कसं केलंत ते सगळ्यांना सांगा. ते म्हणतात तीन चोक बारा, एकशेवीस, वर अर्ध्याचे वीस. तेच तुम्ही फळ्यावर लिहीत जा. त्यांचीच गोष्ट अंकात लिहिलेली दिसते आणि त्यांना कळतं की हे मला येतच होतं, फक्त लिहिता येत नव्हतं.

अडतं कुठे माहितीये? पंचवीस ऐकलं की ५२ लिहितात. आपण मराठीत आधी एकक बोलतो, पंच आणि मग वीस, कानाला पाच पहिला येतो म्हणून हात पाच पहिला लिहितो. ही चूक बुद्धीची नाही, भाषेचा क्रमच तसा आहे, आणि हे त्यांना असंच समजावून सांगा, एकदम हायसं वाटतं. एकोणतीस, एकोणपन्नास तर अजून अवघड, तिथे घाई करू नका.

मी नोटा वापरते. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, वर्गात कुणाचा तरी चुलता नाहीतर शेजारी तिथे असतोच, त्यामुळे विषय घरचाच. शंभराची नोट उलटी करायची, एका बाजूला १५ भाषांची पट्टी असते, त्यात आपली मराठी शोधायची. देवनागरीत कोकणी, नेपाळी, संस्कृत पण असते त्यामुळे नुसता अंदाज चालत नाही, वाचावंच लागतं. वरून आठवी ओळ, शंभर रुपये. ज्या दिवशी सापडते त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना नोट दाखवतात.

खाडे होणारच

तुमचं वेळापत्रक त्यांच्या आयुष्याला लावा, उलटं करायला गेलात की वर्ग मोडतो. शिफ्ट बदलते, दिवाळीआधी ओव्हरटाइम असतो, ऑक्टोबरच्या आसपास बागांच्या छाटणीला बाया जातात, जानेवारीपासून द्राक्ष तोडणी, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा, चैत्रात वणी, नवरात्रात कालिकेची जत्रा, मग लग्नसराई. हे सगळं आधी कॅलेंडरवर मांडा आणि त्या आठवड्यांत नवीन काही सुरू करू नका, उजळणी ठेवा.

रोजचा तास त्या दिवशीच पूर्ण व्हायला पाहिजे. काल आला नाही म्हणून आज काहीच कळलं नाही असं झालं की तो उद्या येत नाही. पंधरा दिवसांनी कुणी परत आलं तर "इतके दिवस कुठे होतात" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. "बरं झालं आलात, बसा" एवढं पुरतं, आणि शेजारच्या मावशींना सांगायचं जरा काय झालं ते दाखवा यांना. दाखवणाऱ्या मावशींची उजळणी होते ती वेगळीच.

नवीन स्वयंसेवक एक गडबड हमखास करतात, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतात आणि त्यावर लांबलचक लिहून टाकतात. ते वाचणार कोण? सुरुवातीला व्हॉइस मेसेज टाका. महिन्या-दीड महिन्याने दोनच शब्द लिहून टाका, "उद्या सुट्टी". ज्या दिवशी तुम्ही आवाज न टाकता नुसतं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही, त्या दिवशी वर्ग चाललाय असं समजा.

बायकांच्या बाबतीत घरच्यांना पण धरून ठेवावं लागतं. एक दादा रोज बायकोला सोडायला येऊन दारात उभे राहायचे, काय चाललंय बघत. दोन आठवड्यांनी मी त्यांनाच रजिस्टर धरायला दिलं, तिसऱ्या आठवड्यात ते आत बसून लिहीत होते. त्यांना पण येत नव्हतं.

परीक्षेचं काय करायचं

उल्लासची चाचणी १५० मार्कांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान ५० - ५०, आणि ३३ टक्के लागतात. परीक्षा शब्द ऐकला की निम्मे लोक घाबरून यायचेच बंद होतात. लहानपणी शाळेत मार खाल्लेले, नापास होऊन काढून टाकलेले लोक आहेत, तो शब्द त्यांच्या अंगात बसलाय. म्हणून आधी जुना पेपर आणून एक दिवस नुसता वाचू द्या, तो इतका भयंकर नाही हे त्यांना दिसू द्या. कमी पडले तर सुधारणा आवश्यक असा शेरा येतो आणि परत बसता येतं, हे पण सांगा. ज्यांना द्यायची नाही त्यांच्या मागे लागू नका. ज्यांना भूक लागलीय, विशेषतः पाचवी, सातवी करून शाळा सुटलेल्या तरुण मुली, त्यांना १७ नंबरच्या फॉर्मबद्दल सांगा की बाहेरून दहावी देता येते, आणि पुढे आपल्याच नाशकात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे ते सांगा. एका रविवारी गंगापूर धरणाकडे सहल काढलीत तर वाटेत विद्यापीठाचं गेट दाखवा. गेट बघितल्यावर दोघींनी फॉर्मचं विचारलं होतं मला.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी भाषण करत नाही, एवढंच सांगते की सावित्रीबाई आणि जोतिरावांनी पुण्यात १८५५ ला शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आपल्यासारख्यांसाठी? त्या काळात? असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. सावित्रीबाई लहान मुलींना शिकवायच्या एवढंच त्यांना माहीत असतं.

आणि एखादी मावशी चार महिन्यांनी म्हणाली की मॅडम माझं झालं, आता येत नाही, तर गळती गळती म्हणून डोकं धरू नका. बसवाल्या मावशींचं तसंच झालं, त्यांना पाटी आणि पगाराचा कागद एवढंच वाचायचं होतं, ते यायला लागलं आणि त्या थांबल्या. मी त्यांच्या हातात एक वही आणि पेन दिला, चहा घेतला सगळ्यांनी, आणि कधीही या म्हटलं. वहीतलं त्यांचं पान फाडलं नाही. सव्वा वर्षाने आल्या, म्हणाल्या नातीचं लग्न जमलंय पुण्याला, पोरगी रोज मेसेज टाकेल म्हणते, मला तिला लिहून उत्तर द्यायचंय. मी त्यांचं जुनं पान काढलं, बसच्या खाली रेघ मारली आणि लिहिलं, नातीला मेसेज.